घट किती धरायची?

आमच्या मेहुण्याचा रबाळ्याच्या एमआयडीसीत एक गाळा आहे. त्यात एक्स्पेलर, म्हणजे विजेवरचा घाणा, बसवून तो करंजाच्या बियांचं तेल काढतो आणि बायोडिझेल करणाऱ्या एका कारखान्याला विकतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्याचे बारा कॅन परत आले. कारखान्याचं म्हणणं, तुमच्या तेलाचं डिझेल होत नाही, साबण होतो. "मग साबण विका की," मी म्हणालो. हा विनोद होता. पण बायकोच्या माहेरच्या नुकसानीवर विनोद केला की त्याची भरपाई करावी लागते, आणि माझ्या वाट्याला भरपाई म्हणून ओलावा मोजायचं यंत्र आलं.

"दाजी, तुम्ही इंजिनियर ना?"

आहे, पण कसा, ते त्याला कधी नीट सांगितलं नव्हतं. ऐरोलीतल्या एका ऑफिसात बसून मी अमेरिकेतल्या लोकांच्या विम्याचे आकडे एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात ढकलतो. सोल्डरिंग आयर्न शेवटचं हातात धरलं ते डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तेव्हाही चुकीच्या बाजूनं धरलं होतं.

साबणाची भानगड अशी. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून, गरम करून ढवळलं की वर बायोडिझेल येतं आणि खाली ग्लिसरीन बसतं. पण तेलात पाणी असलं किंवा तेलाची आम्लता वाढलेली असली, तर कॉस्टिक नेमून दिलेलं काम सोडून साबण करत बसतं. आम्लता वाढते पोत्यात. शेंगा उन्हाळ्यात गोळा होतात, बिया पोत्यात भरल्या जातात आणि मग आमच्याकडचा पावसाळा येतो. ज्या हवेत बरणीतलं मीठ चमच्यानं खणून काढावं लागतं, त्या हवेत पोत्यातलं बी कोरडं राहील कसं? शिवाय बी ओलं असलं की घाण्यात त्याचा लगदा होऊन ते नुसतं गोल फिरतं, तेल सुटत नाही. फार सुकं असलं तर पेंडीची पूड होते आणि घाणा तापतो. बियांत सात-आठ टक्के ओलावा हवा. मेहुणा आजवर मूठभर बी हातात घेऊन अंदाज करायचा. त्या अंदाजाचे बारा कॅन गाळ्यात रांगेनं उभे होते.

खरं तर डिझेलच्या झाडांचा नाद या घराण्यात जुनाच. २००३ साली योजना आयोगाच्या समितीनं पडीक जमिनीवर मोगली एरंड लावायची शिफारस केली आणि सासऱ्यांनी साताऱ्याकडच्या माळावर दोन एकर लावला. मोगली एरंडाचा मोठा गुण म्हणजे त्याला गुरं तोंड लावत नाहीत. व्यापारीही लावत नाहीत, हे मागाहून कळलं. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत इंधनात २० टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलसाठी ते २०३० पर्यंत ५ टक्के झालं. सासऱ्यांचे दोन एकर त्याआधीच शून्यावर आले होते. करंजाचं तसं नाही, तो आपला आपण रस्त्याकडेला उभा असतो. (त्याची शेंग हुबेहूब करंजीसारखी दिसते. आत सारण मात्र विषारी कडू.)

तयार मीटर विकत मिळतात. मेहुण्यानं एक उसना आणलाही होता. त्यात गहू, तांदूळ, सोयाबीन, भुईमूग अशी यादी होती, पण करंज नव्हता. भुईमुगाचं बटण दाबून करंज घातला तर आकडा उणे यायचा. म्हणजे बियांमध्ये काहीच पाणी नाही, वर त्या आपल्यालाच थोडं देणं लागतात.

मग मी दहा किलो बी पिशवीत घालून रबाळ्याहून ट्रान्स हार्बरच्या लोकलनं ठाण्याला घरी आणलं. करंजाला एक वास असतो. तो वाईट आहे असं म्हणता येणार नाही, पण गर्दीच्या वेळी मला बसायला जागा मिळाली.

पहिला प्रयत्न कुंडीतल्या मातीचा ओलावा बघायच्या स्वस्त सेन्सरचा. लॅमिंग्टन रोडवरून चार आणले. त्याला दोन पाय असतात. त्यांच्यामधून वीज जितकी वाहील तितकी माती ओली. माती पायांना सगळीकडून बिलगते. बिया बिलगत नाहीत, त्या एकेका बिंदूवर टेकतात आणि मध्ये हवा असते. आकडा कायम शून्य. मी पाय बोटांनी दाबून धरले, तर आकडा उसळला. चार दिवस मी माझ्याच घामाची नोंद ठेवत होतो. तोवर एक सेन्सर हिरवा पडला, कारण ओल्यात सतत वीज सोडली की पायांवरचं तांबं विरघळायला लागतं.

मग कपॅसिटन्सची पद्धत धरली. तत्त्व सुंदर आहे. दोन धातूच्या पत्र्यांमध्ये काय भरलंय यावर त्यांची विद्युतधारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता (कपॅसिटन्स), ठरते. ती किती पट होते याचा अंक हवेसाठी १, सुक्या बियांचा तीन-चारच्या आसपास आणि पाण्याचा ८०. म्हणजे थेंबभर पाणीसुद्धा लपून राहू शकत नाही. मी पीव्हीसीचा पाईप घेतला, बाहेरून पोळ्या गुंडाळायचा फॉईल लावला, मधोमध स्टीलची सळई उभी केली आणि बी ओतलं. आकडा आला! पाईपला टिचकी मारली, बिया खाली बसल्या, आकडा बदलला. मी जवळ गेलो, बदलला. लांब गेलो, परत बदलला. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तुम्हाला ओळखतं." माणसाच्या अंगात पाणीच पाणी, त्यामुळे बियांपेक्षा मीच त्याला जास्त दिसत होतो. बाहेरून दुसरा फॉईल लावून तो जमिनीला जोडला, तेव्हा कुठं त्यानं माझा नाद सोडला. बिया कमी-जास्त दबण्यावर उपाय म्हणून खाली वजन मोजणारा सेन्सर बसवला, म्हणजे पाईपात बी किती हेही कळावं.

एक अख्खी रात्र मात्र फुकट गेली. आकडे वाचायला लावलेल्या ईएसपी३२ नावाच्या चिपच्या काही पिना वायफाय चालू असताना आकडा वाचत नाहीत, आणि मी नेमकी त्यातलीच पीन वापरत होतो. हे पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. पहिलं पान कोण वाचतं?

आकडा यायला लागला खरा, पण तो ० ते ४०९५ मधला. २३१० म्हणजे किती टक्के? इथं खरा छळ सुरू झाला. टक्के ठरवायचे तर बी वजन करून, ओव्हनमध्ये पाणी उडवून, परत वजन करायचं. तेलबियांसाठी बीज तपासणीची आंतरराष्ट्रीय पद्धत म्हणजे १०३ अंशांवर १७ तास. आमच्या ओटीजीच्या, म्हणजे घरातल्या छोट्या ओव्हनच्या, बटणावर १०० आणि १५० आहे, १०३ कुठं ते देवाला माहीत. टायमर ६० मिनिटांचा. म्हणजे सतरा वेळा उठून चावी द्यायची. मी शनिवारी दुपारी तीनला सुरू केलं. रात्री नऊला बायकोनं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर धो धो पाऊस होता, तो आत आला, हॉलमधली हवा दमट झाली आणि पाईपाचा आकडा चढला.

पुढच्या रविवारी तिनं त्याच ओव्हनात नानकटाई केली. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही. तिनंही तेव्हा काही बोलून दाखवलं नाही, डबा फक्त माझ्यासमोर ठेवला आणि मी दोन खाईपर्यंत बघत बसली.

वजनाचा आणखी एक घोळ. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या पटीत बोलतो. दहा ग्रॅम बी, सुकल्यावर नऊ. म्हणजे दहा टक्के. दुसरा नमुना, दहाचे नऊ. तिसरा, तोच. महाराष्ट्रातलं झाडून सगळं बी दहा टक्के ओलं निघत होतं. शेवटी डबी घेऊन जांभळी नाक्याजवळच्या एका सराफाकडे गेलो. त्यांच्याकडे मिलिग्रॅमचा काटा. पुडी उघडून त्यांनी आधी बियांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मोडायचंय?"

"नाही, नुसतं वजन."

१०.००० भरलं. दुसऱ्या दिवशी ओव्हनमधून काढून, डबी घट्ट बंद करून परत गेलो. ९.०८०. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, एका रात्रीत एवढी घट? कुणाकडून घेतलंत? तुम्हाला फसवलंय." मी त्यांना ९.२ टक्के ओलाव्याचा हिशेब समजावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेपासून काट्याखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरायला लागले.

वेगवेगळ्या ओलाव्याचे नमुनेही लागतात. सुक्या बियांवर मोजून पाणी शिंपडायचं, डबा बंद करून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे पाणी आतपर्यंत सारखं मुरतं. ६, ८, १०, १२, १४ अशा चिठ्ठ्या लावून पाच डबे इडलीच्या पिठाशेजारी मांडले. श्रावण लागला होता. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, चष्मा अजून यायचा होता. तिनं १४ नंबरचा डबा उघडून हात घातला आणि एकदम खूश होऊन म्हणाली, "अगंबाई, कडवे वाल? केवढे टपोरे! उद्या बिरडं करू." सोलायला घेतले तेव्हा वासानं घात केला, किंवा वाचवलं म्हणू. त्यानंतर फ्रिजवर "विज्ञान, खाऊ नये" अशी पाटी लागली. ती बायकोनं लावली, आणि माझ्या मते तिचा रोख डब्यांवर नव्हता.

आता पाच डब्यांचे आकडे आणि त्यांचे टक्के यांची रेघ जुळवून यंत्राला टक्के शिकवले. तरी पाऊस वाढला की रिकामा पाईपसुद्धा तीन टक्के दाखवायचा. सर्किटच्या कडा उघड्या असतात, त्यातून दमट हवा आत शिरते, त्यावर नेलपॉलिशचा हात द्यावा असं कळलं. मुलीची बाटली उचलली. ती चमकीवाली होती. त्यामुळे यंत्राची एक बाजू गौरीच्या मुखवट्यासारखी झळाळते. तापमानाचा हिशेबही घालावा लागला, कारण उन्हात वाळवून गरम आणलेलं बी यंत्राला ओलं वाटायचं.

गाळ्यात नेऊन लावलं, पडद्यावर ११.४ उमटलं. घाण्यावरच्या मामांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "म्हणजे घालू का नको?" मी म्हणालो, आठच्या वर नको. "मग तसं लिवा की. ह्ये पॉइंटबिइंट कशापायी?"

घरी येऊन हे सांगितलं तर आई पापडाचा डबा चाचपत होती. "हे सादळलेत बघ," ती म्हणाली. तेवढ्यानं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खडखडीत, वाळलेलं, सादळलेलं, दमट, ओलं, चिंब. टक्क्यांची मोजपट्टी भाषेत तयारच होती! आईला पाचही डबे हाताळायला दिले. तीन बरोबर आले. तेव्हा यंत्राचेही तीनच येत होते, त्यामुळे दोघांनाही चढता क्रम पटला आणि आम्ही पुढे गेलो. त्या इवल्या पडद्यावर देवनागरी नीट उमटेना, मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. शेवटी मुलीनं चौकटीच्या वहीत ठिपके भरून सहाही शब्द चित्रासारखे काढून दिले. वाळलेलं आलं तर घाला. खडखडीत आलं तर पाण्याचा हबका मारा. बाकी सगळं उन्हात, ऊन असलंच तर.

ऑगस्टात मामा खूश, मेहुणा खूश, कॅन परत येणं थांबलं. मी ऐरोलीत अमेरिकेचे आकडे ढकलत होतो, तेवढ्यात फोन आला. मागे बियांचा व्यापारी आणि मामा यांचा आवाज चढलेला.

"दाजी, पोतं दमट दाखवतंय. हा म्हणतो दमट कसलं, नुसतं सादळलंय."

"मग?"

"सादळलेल्याला पोत्यामागं किलोभर घट धरतो आपण, दमटाला दोन. हा म्हणतो, पावसाळ्याचं थोडं सांभाळून घ्या." थोडं थांबून त्यानं आवाज खाली आणला. "सादळलेलं आणि दमट यांच्या मधला एखादा शब्द आहे का हो? दीड किलोचा?"

टक्के असते तर हा प्रश्नच आला नसता, हे मला कळत होतं. तरी संध्याकाळी आईला विचारलं. तिनं क्षणाचाही विचार केला नाही. "आहे की. मऊ पडलंय."

मुलीनं ठिपके भरून दिलेत. आता 'मऊ पडलंय' म्हणजे किती टक्के ते बसवायला हवं, आणि त्यासाठी पुन्हा १७ तास. ओटीजी जागेवर आहे. त्याची वायर बायकोनं कुठं ठेवलीय, ते मी शोधतोय.