रिले लावला म्हणून फ्यूज नको? हे चुकीचंय

फोर बाय फोर (चारही चाकांना पॉवर जाणाऱ्या) गाडीला जादा स्पॉटलाइट लावताना रिले टाकला की फ्यूज लागत नाही असा मेसेज फिरतोय, प्लीज त्यावर विश्वास ठेवू नका. रिले म्हणजे फक्त स्विच, छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा, वायर शॉर्ट झाली तर तो काहीच तोडत नाही. ५५ वॅटचे दोन हॅलोजन १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर ओढतात, म्हणजे १५ चा फ्यूज पुरतो, वायर मात्र तेवढा करंट झेलणारी जाड हवी. आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच लावा, कारण बॅटरीपासून रिलेच्या ३० नंबर पिनपर्यंतची वायर लाइट बंद असतानाही लाइव्ह असते, बॉडीला घासून सोलली तर तिथेच पेट घेते. एलईडीलाही हेच लागू.