आंब्याच्या स्टार्टअपमधली पहिली नोकरी आणि पावसाळ्यातला पगार

रिझल्ट लागले की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो, "ताई, रत्नागिरीतच एका स्टार्टअपची ऑफर आलीये, घेऊ की सरळ पुण्याला जाऊ?" प्रत्येकाला वेगळं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पोस्ट मोठी होणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगते म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटले. जा. पहिली नोकरी स्टार्टअपमध्ये करायला माझी काहीच हरकत नाही, उलट मी तर म्हणेन की कॉलेजात चार वर्षांत जे कळत नाही ते तिथे एका सीझनमध्ये कळतं. पण इंटरव्ह्यूच्या शेवटी ते विचारतात ना, "एनी क्वेश्चन्स फॉर अस?", तेव्हा "ऑफिस कल्चर कसं आहे" वगैरे गोड प्रश्न सोडा आणि एकच विचारा: पावसाळ्यात पगार कुठून देणार? कोकणात हा प्रश्न विचारायलाच हवा, का ते खाली येतंच.

मी होते ती कंपनी आंब्याची. म्हणजे त्यांच्या भाषेत "ॲग्रीटेक प्लॅटफॉर्म", आमच्या बाबांच्या भाषेत "आंबे विकतात". २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाशी मार्केटची घडी विस्कटली आणि बऱ्याच बागायतदारांनी व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेऊन पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पाठवल्या, आठवत असेल. त्यातूनच आपल्याकडच्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात आलं की अरे, हे ॲपवर का नाही होऊ शकत? आमचे फाउंडर त्यातलेच. पुण्यात आयटीत होते, घरी परत आले, मिरजोळे एमआयडीसीत एक गाळा घेतला, पाठी पॅकिंग आणि पुढे ऑफिस. पिच डेक (गुंतवणूकदारांना दाखवायचं प्रेझेंटेशन) एकदम झकास होता, हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं इथपासून सुरुवात, मग कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून कसा खपवतात, मग आपण प्रत्येक बॉक्सवर क्यूआर कोड लावणार आणि मधला दलाल काढून टाकणार. मी देवगडची, मला तर ऐकूनच अंगावर काटा आला होता.

माझं पद "ग्रोथ असोसिएट". काम विचाराल तर सकाळी इन्स्टाग्रामची रील, दुपारी कस्टमरचे फोन, संध्याकाळी कुरिअरवाल्याशी भांडण आणि रात्री एक्सेल. एप्रिलमध्ये तर लॅपटॉप बाजूला ठेवून बॉक्समध्ये पेंढासुद्धा भरलाय. कोथरूडच्या एक काकू फोनवर म्हणाल्या, आंबा बाहेरून सोन्यासारखा आणि कापला तर आत साका (गर खराब झालेला), तुम्ही बघून पाठवत नाही का? आता साका बाहेरून दिसत नाही हे त्यांना कसं समजावणार, आणि समजावलं तरी त्यांनी का ऐकावं, पैसे त्यांचे गेलेत. त्या एका फोनवरून रिफंडची पॉलिसी बदलली आणि ती मी लिहिली, नोकरीला लागून फार दिवस झालेले नसताना. मोठ्या कंपनीत असं होत नाही. तिथे माझी मैत्रीण ट्रेनिंग संपून कितीतरी महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसून होती, पगार वेळच्या वेळी, पण क्लायंट काय करतो हे तिला माहीत नाही आणि तिने विचारावं असं कोणाला वाटतही नाही.

पण खरं शिक्षण झालं ते बागायतदारांकडे फिरताना. माझ्याकडे टार्गेट होतं, अमुक बागायतदार ॲपवर आणायचे. देवगड पट्ट्यात माझी ओळख, भाषा माझी, त्यामुळे पाठवलं मलाच. पडेल कँटिनजवळ एका काकांच्या अंगणात बसून मी त्यांना सगळं दाखवलं, इथे फोटो टाकायचा, इथे डझनाचा रेट, पैसे थेट बँकेत, दलाल नाही, कमिशन नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कोकम सरबत दिलं आणि विचारलं, "तुझा ॲप फवारणीक पैसे देता काय गो?"

झालं. त्या एका वाक्यात अख्ख्या पिच डेकची हवा गेली. कारण बागायतदाराला पैसा लागतो तो एप्रिलमध्ये नाही, तो त्याच्या खूप आधी लागतो. पावसाळ्यात कल्टार (मोहोर यावा म्हणूनचं औषध) घालायचं, खतं घालायची, थंडीत मोहोर आला की तुडतुडा आणि थ्रिप्स ह्या किडींसाठी फवारण्यांवर फवारण्या, औषधांचे भाव तुम्ही बघितलेत का कधी, वर राखणीला नेपाळी गडी ठेवायचे, त्यांचा महिन्याचा पगार. आणि हे सगळं करून पुनर्मोहोर आला की धरलेली फळं गळतात ती गळतातच, किंवा २०२१ च्या मे मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तसं एका रात्रीत कलमांखाली सडा. ह्या सगळ्या काळात दलाल उचल देतो. उचल घेतली की माल त्याच्याकडे जाणार, हे ठरलेलंच. आम्ही ज्याला "मधला माणूस" म्हणून काढून टाकायला निघालो होतो तो बागायतदाराची बँक होता. तो लुटत नाही असं मी म्हणत नाहीये, भाव पाडणं, हिशोबाची पट्टी उशिरा देणं हे सगळं असतंच, पण त्याला काढायचा असेल तर त्याच्या जागी फवारणीचे पैसे कोण देणार हे आधी सांगावं लागतं, आणि ते कुठल्याच ॲपच्या स्क्रीनवर नव्हतं. मी परत येऊन हे मीटिंगमध्ये सांगितलं. फाउंडर म्हणाले, व्हॅलिड पॉईंट, फेज टू मध्ये घेऊ. ही फेज टू म्हणजे काय असते ते स्टार्टअपमध्ये काम केलेल्यांना सांगायला नको.

तर आता पावसाळ्याकडे. आंब्याचा पैसा येतो मार्च ते मे. फार ताणलं तर जूनचा पहिला आठवडा. त्यानंतर काजू, कोकम, आमसुलं, फणसपोळी असं काहीबाही विकतात पण त्याने भाड्याचा गाळा आणि पोरांचे पगार निघत नाहीत. गुंतवणूकदाराचा पैसा असेल तर गोष्ट वेगळी, पण २०२१ मध्ये देशात एका वर्षात चाळीसहून जास्त युनिकॉर्न (अब्ज डॉलर किमतीचे स्टार्टअप) झाले तो काळ गेला, २०२२ पासून फंडिंग आटलं ते बंगळुरूच्या कंपन्यांना जड गेलं, मिरजोळेच्या गाळ्याला कोण विचारतो. आमचा जूनचा पगार जुलैच्या शेवटी झाला. जुलैचा अर्धाच. आणि मजा बघा, पॅकिंगला ज्या बायका यायच्या, आजूबाजूच्या वाड्यांमधल्या, त्यांचा हिशोब दर शनिवारी संध्याकाळी चुकता व्हायचा, कॅश, एकदाही उशीर नाही. कारण शनिवारी पैसे नाही मिळाले तर सोमवारी एकही बाई येणार नाही हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही मात्र थांबणार हेही ठाऊक होतं. आम्ही शिकलेले ना. आम्हाला "व्हिजन" समजतं.

आणि विचारणार कसं? फाउंडरनी पहिल्या दिवशीच सांगितलेलं, इथे सर-बीर काही नाही, नावाने हाक मारा. आता आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाला नुसती नावाने हाक कोण मारतं, सगळे दादा म्हणायला लागले. त्यांच्या घरी गणपतीला आरतीला गेलो, वहिनींच्या हातचे मोदक खाल्ले. त्या माणसाला "दादा, पगाराचं काय झालं" विचारताना जीभ जड होते हो. तरी मी विचारलं, त्यांनी कपाळावर आठी आणून "अगं आपण फॅमिली आहोत" म्हटलं. माणूस वाईट नव्हता, स्वतः पण पगार घेत नव्हता, घरचं सोनं गहाण ठेवून त्याने आमचा अर्धा पगार केला होता हे मला नंतर कळलं. पण हेच माझं म्हणणं आहे, फॅमिलीत सोनं गहाण ठेवायचं की नाही हे आधी सगळ्यांना विचारतात, आणि कंपनीत किती पैसे उरलेत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मालक चांगला आहे ह्या भरवशावर पोराच्या एज्युकेशन लोनचा हप्ता जात नाही.

त्यात २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, ते आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर किती वेळा फॉरवर्ड झालं असेल. हापूसच्या सीझनला ७० तास तर इथे बाग राखणारा गडीसुद्धा करतो, त्याचं आम्हाला नवल नाही, सीझन तसाच असतो. प्रश्न एवढाच की सीझन संपल्यावर त्या तासांचं काय.

आता थोडं कागदांचं, कंटाळवाणं आहे पण हेच कोणी सांगत नाही. ऑफर लेटरवर "एम्प्लॉयी" आहे का "कन्सल्टंट" ते बघा. कन्सल्टंट म्हणून घेतलं तर पीएफ नाही, ठरलेल्या रजा नाहीत, आणि साधारणपणे १० टक्के टीडीएस कापून पैसे हातात, ते परत हवे तर रिटर्न भरा. पीएफचा कायदा २० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला लागतो, त्यामुळे बारा जणांची कंपनी "आम्हाला लागू नाही" म्हणाली तर ती खोटं बोलत नाहीये, पण स्वतःहून नोंदणी करता येते हेही खरं आहे. आणि सध्या ते विचारण्यात अजून एक फायदा आहे. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ ह्या काळात पहिल्यांदाच ईपीएफओत नोंद होणाऱ्याला एका महिन्याच्या पीएफच्या पगाराएवढे, जास्तीत जास्त १५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, पगार महिना १ लाखापर्यंत हवा, पहिला हप्ता सहा महिने टिकलात तर आणि दुसरा बारा महिन्यांनी, त्यासाठी आर्थिक साक्षरतेचा एक छोटा कोर्स करावा लागतो. कंपनीची नोंदणीच नसेल तर हे पैसे तुमच्या हातून गेले. पॅकेज सांगतात तेव्हा कंपनीचा पीएफचा हिस्सासुद्धा त्यातच धरलेला असतो बहुतेक वेळा, तर "हातात किती" हे सरळ विचारा, लाजू नका.

मग ईसॉप. पगार वाढवायला पैसे नसले की ईसॉप देतात. वाईट गोष्ट नाही, फ्लिपकार्टच्या जुन्या लोकांनी त्यावर घरं घेतली. पण ईसॉप म्हणजे शेअर हातात आले असं नाही, ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क, तोही कायद्याने किमान एक वर्ष थांबल्याशिवाय मिळत नाही आणि बहुतेक कंपन्या तो चार वर्षांत थोडा थोडा देतात. शेअर घेताना त्या दिवशीचा भाव आणि तुमचा भाव यातल्या फरकावर टॅक्स लागतो, त्या शेअरला गिऱ्हाईक मिळो न मिळो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे का ते एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साईटवर फुकटात बघता येतं, बघा. माझ्या एका ज्युनिअरला चिपळूणमध्ये ईसॉपचं आश्वासन मिळालं होतं, नाव टाकून बघितलं तर ती एलएलपी, म्हणजे भागीदारीतली संस्था निघाली. एलएलपीला शेअरच नसतात, ईसॉप देणार कुठून?

अजून एक, आणि हे माझ्या मते पैशाहून मोठं. तुमच्या कामातलं तुमच्यापेक्षा जास्त कळणारं एक तरी माणूस तिथे आहे का? आमच्याकडे कोडिंगला एकटा मुलगा होता, फायनल इयर संपवून आलेला, अतिशय हुशार. त्याचं कोड बघणारं कोणीच नव्हतं. तो जे करेल ते चालायचं, आणि चाललं म्हणजे बरोबर असं त्याला वाटायला लागलं. पुढे बंगळुरूला इंटरव्ह्यूला गेला तेव्हा साध्या साध्या गोष्टींवर अडकला, बिचारा फोनवर रडवेला झाला होता. मला निदान बागायतदार होते शिकवायला, पॅकिंगच्या बायका होत्या, देठ किती ठेवायचा, कुठला आंबा वर आणि कुठला खाली हे त्यांनीच सांगितलं. त्याला तेही नाही. "तुला पूर्ण ओनरशिप देतो" असं फ्रेशरला कोणी म्हटलं की मी आता सावध होते, त्याचा अर्थ कितीदा तरी एवढाच असतो की शिकवायला माणूस ठेवायला पैसे नाहीत.

घरचे काय म्हणतील हा तर वेगळाच विषय. आमच्याकडे नोकरी म्हणजे एकतर सरकारी नाहीतर मुंबईची. कंपनीचं नाव सांगितलं की समोरचा "हां हां" म्हणतो आणि दोन मिनिटांनी "मग तलाठीच्या परीक्षेला बसणार ना?" आईला तर अजून वाटतं मी मधे वर्षभर आंब्याच्या दुकानात होते. ते एक सोडून द्या, समजावत बसू नका.

मी ती कंपनी दुसरा सीझन संपल्यावर सोडली, पगार राहिलेला तो तीन हप्त्यांत मिळाला, सोडताना भांडण नाही. आता काजू कारखानदारांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे, इथे आम्ही नऊ जण. इंटरव्ह्यूला मी तो पावसाळ्याचा प्रश्न विचारला. मालक आधी हसले, मग वही काढून दाखवली, कोणाचे किती यायचेत, खात्यात किती महिन्यांचे पगार आहेत. आकडा फार मोठा नव्हता. पण दाखवला.

तर ज्यांच्याकडे ऑफर लेटर आहे आणि काही कळत नाहीये त्यांनी नाव-पगार झाकून मला पाठवा, वाचून सांगेन जमेल तेवढं. फक्त गणपतीत नको, तेव्हा मी घरी असते आणि आमच्या वाडीत रेंज फक्त शाळेच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) बसलं तरच येते, तिथे आधीच मुंबईची अर्धी पोरं बसलेली असतात.