‘हात धरून सरळ उठवा’ हा सल्ला का पाळू नये

“ऑपरेशननंतर पंधरा दिवस पडून राहा, टाके लवकर भरतात. उठायचंच झालं तर घरच्यांनी दोन्ही हात धरून सरळ बसवावं आणि लगेच उभं करावं, म्हणजे दुखणं एकदाच. गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर गुडघ्याखाली कायम उशी.” हा निरोप सध्या घरोघरी फिरतोय. काळजीपोटी पाठवला जातो हे कळतं, पण तो दुखणाईताला इजा करू शकतो.

पडून राहिल्याने टाके लवकर भरत नाहीत. उलट पोटऱ्यांतलं रक्त मंदावून गुठळी होण्याची भीती वाढते, श्वास उथळ होऊन कफ साचतो, स्नायूंची ताकद जाते. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर उठवून चालवण्यावर भर दिला. आज अनेक शस्त्रक्रियांनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवतात. डॉक्टरांनी मुद्दाम झोपून राहायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

हात धरून ओढण्याचा सल्ला मला सगळ्यात खटकतो. आईच्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मीही तिला असंच ओढलं होतं; ती कशी कळवळली ते अजून आठवतं. उताण्या माणसाला सरळ उठवलं की पोटाचे स्नायू घट्ट आकसतात आणि सगळा ताण टाक्यांवर येतो. शिवाय दुखणाईताचा खांदा आणि ओढणाऱ्याची कंबर, दोन्ही दुखावू शकतात.

त्याऐवजी कुशीवरून उठावं. आधी एकेक गुडघा दुमडून पाऊल गादीवर टेकवायचं. मग खांदे, कंबर, गुडघे एकदमच वळवायचे, ओंडका लोळवावा तसे, मध्ये पीळ पडू न देता. पलंगाच्या कडेशी आलं की पाय खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालचं कोपर व वरचा तळवा गादीवर रेटून बसायचं. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. झोपताना हेच उलट्या क्रमाने. तेव्हा पलंगाच्या मधोमध न बसता उशीच्या बाजूला बसावं, नाहीतर आडवं झाल्यावर वर सरकताना पुन्हा टाके ओढले जातात.

ही पद्धत सरसकट सगळ्यांना चालत नाही. छातीचं हाड उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर हातांनी रेटायला बरेच आठवडे मनाई असते. खुब्याचा सांधा बदलला असेल तर कुशीवर वळायचं का, कोणत्या, पायांमध्ये उशी घेऊन का, हे डॉक्टरांनाच विचारा.

‘लगेच उभं करा’ हेही चूक. झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब उतरून चक्कर येते. पाय जमिनीवर टेकवून एक-दोन मिनिटं बसू द्या, घोटे वरखाली हलवू द्या. पहिल्या काही वेळा शेजारी कोणीतरी हवंच, ओढायला नव्हे, तोल गेला तर सावरायला.

राहिली उशी. गुडघ्याखाली ती बरी वाटते, पण तासन्‌तास वाकलेला गुडघा पुढे पूर्ण सरळ होईनासा होतो. पाय उंच ठेवायचाच तर टाचेखाली आधार द्यावा, गुडघा मोकळा राहू द्यावा.

आणि निरोपात नसलेली एक गोष्ट: एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर तसंच पडून राहू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.