बेरी नेमकं म्हणायचं कोणाला?

भाचा बॉटनीला गेला तेव्हा त्याचा ताप फळं खाणाऱ्यांना होणार आहे हे आमच्या कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. म्हणजे इंजिनिअरिंगला गेलेला पोरगा घरातला चालू मिक्सर उघडून बसतो, डॉक्टरकीला गेलेली पोरगी येईल त्या पाहुण्याचं बीपी बघते, हे सगळं आपण ऐकून असतो. बॉटनीवाला काय करून करून करणार, कुंडीतल्या रोपाचं लॅटिन नाव सांगेल आणि गप्प बसेल. तर हा सुट्टीला आमच्याकडे राहायला आला आणि मी ब्रेडला स्ट्रॉबेरी जॅम लावतोय हे बघून म्हणाला, "मामा, स्ट्रॉबेरी ही बेरी नाहीये हं."

मी म्हटलं, बरं. पण अशा माणसांना 'बरं' पुरत नाही, त्यांना 'का रे?' लागतं, आणि ते मिळेपर्यंत ती समोरून हलत नाहीत. शेवटी बायकोने दयेपोटी विचारलं, का रे? आणि तिथे संपलं सगळं.

आता मला ऐकावं लागलंय तर तुम्हीही ऐका. फुलाच्या आत अंडाशय असतो आणि त्याचं पुढे फळ होतं, इथपर्यंत शाळेत झालेलं असतं. तर एका फुलातल्या एकाच अंडाशयापासून बनलेलं, सालीपासून आतपर्यंत मऊ गराचं, त्या गरातच बिया असलेलं, मध्ये टणक आठळी नसलेलं आणि पिकल्यावर आपणहून न तडकणारं फळ म्हणजे बेरी. मराठी पुस्तकात मृदुफळ. स्ट्रॉबेरी इथे पहिल्याच प्रश्नाला नापास होते, कारण तिचा लाल रसाळ भाग मुळात अंडाशयाचा नाहीच, फुलाचा जो खालचा बुडखा असतो, ज्यावर बाकी फूल बसलेलं असतं, तो फुगून तेवढा झालेला असतो. आणि वर जे पिवळट ठिपके असतात, दातात अडकतात ते, त्यांना आपण बिया म्हणतो, पण ते एकेक अख्खं फळ आहे, बी त्याच्या आत. म्हणजे एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली की आपण शंभरच्या वर फळं खाल्ली, आणि ज्याच्यासाठी पैसे मोजले ते फळच नव्हतं.

ब्रेड तोपर्यंत गार झाला होता.

मग रोज एकेक बळी. रास्पबेरी? नाही. ती एका फुलातल्या पुष्कळ छोट्या छोट्या फळांची मोट आहे, प्रत्येक मण्यात स्वतःची चिमुकली आठळी, आणि तोडताना मधला दांडा झाडावरच राहतो म्हणून ती आतून टोपीसारखी पोकळ. ब्लॅकबेरीपण तसलीच, फक्त तिचा दांडा तिच्याबरोबर येतो. मलबेरी, म्हणजे आपली तुती, दिसायला हुबेहूब ब्लॅकबेरीची बहीण, पण ती एका फुलाचीसुद्धा नाही, फुलांच्या अख्ख्या तुऱ्याचं मिळून ते एक प्रकरण होतं. ज्युनिपर बेरी, जिच्यामुळे जिनला तो वास येतो, ती तर फळच नाही, पाइनच्या झाडाला असतो तसला शंकू आहे, फक्त त्याचे खवले मऊ होऊन एकमेकांना चिकटलेत. हे ऐकून माझ्या मित्राने ग्लास खाली ठेवला, आणि हा माणूस सहसा ग्लास खाली ठेवत नाही.

मग बेरी आहे तरी कोण? तर केळं. टोमॅटो. वांगं. मिरची! पेरू, पपई, द्राक्ष. काकडी आणि कलिंगड हेसुद्धा, जाड सालीच्या बेऱ्या. संत्रं, लिंबू, याच खानदानातले, फक्त त्यांना वेगळं भारदस्त नाव आहे, हेस्पेरिडियम, ग्रीक पुराणातल्या सोनेरी फळांच्या बागेवरून. म्हणजे माणसाला दोन्ही हातांनी उचलावं लागतं ते कलिंगड बेरी, आणि जिच्या नावातच बेरी आहे ती बिचारी बाहेर. मी केळ्याच्या बिया कुठायत असं विचारून बघितलं, मला वाटलं आता सापडला. तर म्हणाला, ते मधले काळे ठिपके, ते न वाढलेल्या बियांचेच अवशेष, रानकेळ्यात चांगल्या दगडासारख्या कडक बिया असतात. खजूर? त्यातली ती लांबुडकी आठळी? म्हणे ती आठळी नाही, नुसती बी आहे, खजूर एकबीजी बेरी. त्यानंतर मी विचारणं सोडलं.

ब्लूबेरी, क्रॅनबेरी आणि गूजबेरी मात्र खऱ्याखुऱ्या बेऱ्या निघाल्या. ब्लूबेरी पास झाली तेव्हा बायकोला इतका आनंद झाला की जणू घरातलंच कोणी पास झालं.

खरं तर आपण सामान्य माणसं हा शब्द किती सुखाने वापरत होतो. लिपस्टिकची शेड बेरी, म्हणजे लाल आणि जांभळ्याच्या मधलं काहीतरी. खोकल्याचं औषध मिक्स बेरी फ्लेवर, ज्याची चव जगातल्या कुठल्याच फळाशी जुळत नाही पण रंगावरून आपण समजून घेतो. शाम्पू बेरीचा, कँडी बेरीची. एक काळ तर ऑफिसात साहेबाच्या कमरेला बेरी लटकायची, १९९९ मध्ये ब्लॅकबेरी नावाचं ईमेलचं यंत्र आलं, त्याच्या बारक्या बटणांकडे बघून नाव ठेवणाऱ्यांना फळाचे दाणे आठवले म्हणे, आणि कोणी विचारलं नाही की याचा अंडाशय कुठाय. लहान, गोलसर, रंगीत, एका घासात जाणारं, थोडं आंबट थोडं गोड, झाली बेरी. डबी उघडायची, वरचा थर टवटवीत, खालच्या थराला पांढरी बुरशी, वरचं पटकन खायचं, खालचं टाकायचं. बेरी या विषयातलं एवढं ज्ञान माणसाला आयुष्यभर पुरतं.

आणि मला खरा राग कशाचा आहे सांगू का, हे शास्त्रवाले मागून आलेत. स्ट्रॉबेरीला स्ट्रॉबेरी म्हणणं इंग्रजीत हजार वर्षांहून जुनं आहे. तेव्हा द्राक्षालासुद्धा ते लोक वाइनबेरी म्हणायचे, म्हणजे शब्द ऐसपैस होता, सगळ्यांना आत जागा होती. ही अंडाशयाची भानगड त्यानंतर कित्येक शतकांनी आली. म्हणजे यांनी लोकांच्या तोंडातला चालता शब्द उचलला, त्याला कुंपण घातलं, मूळ रहिवाशांना हाकललं आणि वांग्याला आत आणून बसवलं. दुसरा नवीन शब्द काढला असता तर काय बिघडलं असतं? भाच्याला हे सुनावलं तर तो हसला आणि म्हणाला, मामा, तू इमोशनल होतोयस.

होतोयच. पण त्याला धडा मी शिकवू शकलो नाही, तो आईने शिकवला.

आईला शुगर आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की केळी-द्राक्षं जपून, अगदीच गोड खावंसं वाटलं तर बेऱ्या चालतील थोड्या. आई हे सगळं आमचं बेरीपुराण कोपऱ्यात बसून ऐकत होती आणि आम्हाला वाटत होतं ती टीव्ही बघतेय. एक दिवस दुपारी बघतो तर ती शांतपणे केळं सोलतेय. बायको म्हणाली, अहो आई, हे काय! आई म्हणाली, "बेरी खातेय. डॉक्टरांनी सांगितलीय."

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "आजी, अगं तसं नाही, ती बॉटनीतली बेरी, डॉक्टर म्हणाले ती खाण्यातली बेरी, म्हणजे साध्या भाषेत आपण ज्याला..."

"साध्या भाषेत?" मी म्हटलं. "ती कुठली रे?"

आणि मग मी राखून ठेवलेला पत्ता टाकला. अमेरिकेत निक्स नावाचा एक व्यापारी होता, बाहेरून टोमॅटो आणायचा. १८८३ च्या कायद्याने भाजीवर दहा टक्के जकात आणि ताज्या फळांना माफ, म्हणून हा भांडायला लागला की टोमॅटो फळ आहे, माझे पैसे परत द्या. भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १८९३ मध्ये न्यायाधीश एकमताने म्हणाले, बॉटनीप्रमाणे असेल फळ, पण लोक ते जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही, तेव्हा लोकांच्या बोलीत ती भाजी. भर जकात. म्हणजे दोघांच्या भांडणात कोर्टाने बाजू घेतली ती लोकांची.

भाचा एवढा खूश झाला की मला मिठीच मारायचा राहिला. "बघ आजी, कोर्टाने सांगितलंय! बॉटनी वेगळी, खाणं वेगळं! केळं ही बेरी नाही!"

हे वाक्य त्याने मोठ्याने, साक्षीदारांसमोर म्हटलं. मी बायकोकडे बघितलं, तिने मोबाइल काढून ठेवलाच होता.

आईने तोपर्यंत अर्धं केळं संपवलं होतं. "कोर्ट कुठलं म्हणालास?"

"अमेरिकेचं."

"मग त्यांच्याकडे लागू," ती म्हणाली आणि उरलेलं अर्धं उचललं.