आधी मल्टिमीटर लावा, मग मॉड्यूल बदला!

गाडीला स्कॅनर लावल्यावर यू०१२१ हा बिघाडाचा कोड दिसला की एबीएसचं (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) मॉड्यूलच, म्हणजे कंट्रोल युनिटच, बदलायचं, हे कधी थांबणार? त्या कोडचा अर्थ एवढाच, की एबीएसकडून निरोप येत नाहीये. का येत नाही, ते शोधणं आपलं काम आहे!

अरे, बॅटरीची वायर काढा, ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतो त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. कॅन लाइनच्या, म्हणजे गाडीतली मॉड्यूलं ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणजे बऱ्याच गाड्यांत साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटलीय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. पाच मिनिटांचं काम!

मग फ्यूज, अर्थिंग, कनेक्टर. पावसाळ्यानंतर तर कितीदा आत पाणी शिरलेलं असतं, पिनांवर हिरवा थर चढलेला. नाहीतर बाहेरून अलार्म बसवताना कुणीतरी कॅनच्या दोन वायरींचा एकमेकींभोवतीचा पीळ सोडून मध्येच जोड मारलेला, वर नुसती टेप. तो पीळ उगाच दिलेला नसतो हो, बाहेरचा इलेक्ट्रिकल गोंगाट त्यानेच अडतो.

गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात, नवं मॉड्यूल कोडिंग करून बसतं आणि आठवडाभरात डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा पुन्हा पेटतो. वर त्यालाच ऐकवतात, "तुमच्या गाडीतच दोष आहे." डोकं फिरतं अक्षरशः!