नाक चोंदलंय, ज्ञान वाहतंय

सर्दीला इभ्रत नाही. पाय मोडला तर प्लास्टरवर सह्या करायला माणसं येतात, अपेंडिक्स काढलं तर टाके किती पडले हे विचारणारे भेटतात. पण कुणाला पडसं झालंय म्हणून कुणी समाचाराला गेल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट आधीपासून शेजारी बसलेली माणसंही उठून लांब बसतात. रजेच्या अर्जात नुसतं 'सर्दी' लिहायला हात धजत नाही. तिथे 'ताप' लिहावा लागतो, आणि तो ऐनवेळी येईलच याची खात्री नसते. त्यात नाक चोंदलं की 'म' आणि 'न' बाद होतात. 'मला बरं नाही' हे एरवी सहानुभूती मिळवून देणारं वाक्य 'बला बरं दाही' असं बाहेर पडतं आणि ऐकणारा पोट धरून हसतो.

या खेपेला पावसात भिजलो आणि दुसऱ्याच सकाळी नाक सुरू झालं. "भिजलो म्हणून सर्दी झाली," एवढंच मी म्हणालो, तर सुट्टीसाठी राहायला आलेल्या भाचीने पुस्तकातून मान वर केली. ती सातवीत आहे आणि तिला विज्ञानाची आवड आहे. तिचं प्रत्येक वाक्य "मामा, तुला माहितीये का" असं सुरू होतं. हा प्रश्न नव्हे. मी 'हो' म्हटलं तरी ती सांगतेच.

"मामा, तुला माहितीये का, भिजल्याने सर्दी होत नाही. विषाणूने होते. आणि तो आत शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे तू भिजायच्या आधीच तो तुझ्या नाकात असणार."

माझ्या नाकात माझ्या नकळत कोण राहत होतं, हे मला माझ्याच घरात दुसऱ्याकडून कळलं. तिने पुढे सांगितलं, की सर्दी करू शकणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. त्यातला सगळ्यात नेहमीचा ऱ्हायनोव्हायरस. एकट्या त्याचेच दीडशेहून जास्त प्रकार. एकाची प्रतिकारशक्ती आली तरी ती दुसऱ्याच्या कामाची असेलच असं नाही, म्हणूनच सर्दीची लस निघालेली नाही. मी मनात हिशेब केला. वर्षाला दोन-तीन सर्द्या धरल्या तरी सगळ्यांची ओळख व्हायला हा जन्म पुरत नाही.

इंग्लंडने हा प्रश्न एकदा मनावर घेतला होता म्हणे. १९४६ साली सॉल्झबरी या गावाजवळ सर्दीसाठी खास केंद्र काढलं. स्वयंसेवक दहा दिवस फुकट राहायला यायचे आणि त्या बदल्यात नाकात विषाणूचे थेंब घालून घ्यायचे. थंडीने सर्दी होते का हे बघायला काहींना अंघोळीनंतर ओलेत्याने बोळात गार वाऱ्यात उभं केलं, वर ओले मोजे घालायला लावले. त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. चार दशकांहून जास्त काळ हे चाललं. माहिती ढीगभर जमली, औषध सापडलं नाही, आणि शेवटी केंद्र बंद झालं. मला त्या शास्त्रज्ञांबद्दल आपुलकी वाटली. आयुष्यभर दुसऱ्याच्या नाकावर लक्ष ठेवायचं आणि निवृत्त होताना स्वतःच शिंकत घरी जायचं.

"काही सांगू नकोस," आतून आई म्हणाली. "ओल्या डोक्याने हिंडलं की सर्दी होते म्हणजे होते."

मला वाटलं, आता भाची आजीला गप्प करणार. पण विज्ञान निःपक्षपाती असतं. २००५ साली वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी १८० माणसं घेतली. त्यातल्या ९० जणांना वीस मिनिटं थंड पाण्यात पाय बुडवून बसवलं. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यातल्या १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. उरलेल्या ९० जणांतल्या फक्त ५ जणांनी. म्हणजे विषाणू आधीपासून आत दबा धरून असेल, तर गारठ्याने त्याला मोकळं रान मिळत असावं. शिवाय ऱ्हायनोव्हायरसला शरीराच्या ३७ अंशांपेक्षा नाकातले ३३ अंश जास्त मानवतात. तेवढ्या गारव्यात पेशींची संरक्षणव्यवस्था जरा सुस्त पडते, हे २०१५ साली अमेरिकेत उंदरांच्या पेशींवर दिसून आलंय. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि "एवढ्यासाठी उंदीर कशाला?" असं विचारून पुन्हा कामाला लागली.

माझं मन मात्र त्या दुसऱ्या ९० जणांतच अडकलं. तुलनेसाठी त्यांनाही टब दिला होता. रिकामा. त्यात बूटमोज्यांसकट पाय ठेवून ही मोठी माणसं वीस मिनिटं बसली होती. संध्याकाळी घरी गेल्यावर "आज काय केलंस?" या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिलं असेल? आणि त्यातले ते ५ जण! थंड पाण्याने सर्दी झाली तर निदान सांगता येतं. कोरड्या टबात बूट घालून बसून सर्दी झाली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुपारपर्यंत माझ्या शिंकांना लय सापडली होती. भाची मीटरपट्टी घेऊन आली. शिंकेतून उडणारे थेंब नुसते समोर पडत नाहीत. त्यांचा दमट, उबदार वायूचा ढग होतो आणि तो सात-आठ मीटरपर्यंत जाऊ शकतो, असं अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलंय. सबब माझी खुर्ची सगळ्यांपासून आठ मीटरांवर हवी. पण आमच्या घरात आठ मीटर सरळ अंतर कुठल्याही दिशेने निघत नाही. मला जिन्यात बसवायचा ठराव एका मताने बारगळला, आणि ते मत माझं होतं.

मतदानावरून तिला रानकुत्रे आठवले.

"मामा, तुला माहितीये का, आफ्रिकेतले रानकुत्रे शिंकून मत देतात."

बोत्स्वानातला हा अभ्यास २०१७ साली छापून आला. कळप विश्रांती घेत असतो. शिकारीला निघायचं की नाही हे ठरवायला कुत्रे एकेक करून शिंकतात. पुरेशा शिंका पडल्या तर कळप उठतो, नाहीतर पुन्हा झोपतो. पण तिथेही सगळ्यांचं मत सारखं नाही. बेत कळपातल्या वजनदार कुत्र्याचा असेल तर तीनेक शिंकांत काम होतं; सामान्य कुत्र्याने उठाव केला तर दहाएक लागतात. हे ऐकून मी विचारात पडलो. माझ्या एका सकाळच्या शिंकांवर एखादा कळप आफ्रिका ओलांडून गेला असता. घरात मात्र "पंखा बारीक करा" एवढंही मंजूर होत नव्हतं. कळपातलं आपलं वजन कळायला शिंक बरी.

त्यामानाने गॅलापागोस बेटांवरच्या समुद्री इग्वानाचं मला कौतुक वाटलं नाही. खाण्याबरोबर पोटात गेलेलं जादा मीठ तो शिंकून बाहेर टाकतो. काम झालं की थांबतो. शिस्तबद्ध प्राणी आहे, आपलं जमणार नाही.

खरा जिवलग भेटला तो म्यानमारच्या उत्तरेकडच्या जंगलातला. आखूड नाकाचं एक काळं माकड, शास्त्रज्ञांना २०१० साली ठाऊक झालं. तिथल्या लोकांना ते आधीपासून माहीत होतं, कारण पाऊस आला की ते कुठे आहे हे लांबूनच कळायचं. त्याच्या नाकपुड्या वर आभाळाकडे उघडतात. पाऊस थेट आत. मग ते शिंकत बसतं. लोक सांगतात, की पावसाच्या दिवसांत ते डोकं गुडघ्यांत घालून बसून राहतं. भाचीने हे वाचून दाखवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी नेमका तसाच बसलो होतो.

जेवताना तिने शेंबडाचा विषय काढला. त्याला हिरवी छटा येते ती विषाणूमुळे नव्हे, तर लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींतल्या एका लोहयुक्त विकरामुळे, ही माहिती उत्तम आहे आणि प्रत्येकाला असायला हवी. हिरवं दिसलं म्हणून प्रतिजैविकं मागायची नसतात; विषाणूवर ती चालतच नाहीत, हेही खरं. पण ताटावर नको.

ताप आहे का ते पाहिलं. ३७.३. हा आकडा कुणाच्याच कामाचा नाही. रजेला अपुरा आणि चिंतेला पुरेसा. ३७ हा निरोगी माणसाच्या सरासरी तापमानाचा आकडा एका जर्मन डॉक्टरांनी, कार्ल वुंडरलिख यांनी, १८६८ साली सुमारे २५,००० रुग्णांचं तापमान पाहून प्रसिद्ध केला. त्या काळी तापमापक जवळजवळ फूटभर लांब असायचा आणि आकडा स्थिर व्हायला वीसेक मिनिटं लागायची. म्हणजे निदान तेवढा वेळ तरी रुग्णाजवळ कुणीतरी बसत असे.

संध्याकाळी पुन्हा पाऊस आला आणि घरातले सगळे खिडकीशी गोळा झाले. "अहाहा, काय वास सुटलाय!" मी मागून तोंडाने श्वास घेत बघत होतो. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं रसायन बनवतात. थेंब कोरड्या जमिनीवर आपटला की त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि तो वास उडवून देतात. माणसाचं नाक याबाबतीत फारच तल्लख. हवेच्या एक लाख कोटी भागांत जिओस्मिनचे अगदी मोजके भाग असले तरी त्याला कळतं.

"म्हणजे आपलं नाक," भाची म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिने दुरुस्ती केली, "तुझं सोडून."

रात्री झोपताना तिने मला नाकपुड्यांचं वेळापत्रक सांगितलं, हे मला अजूनही विसरता आलेलं नाही. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. एकीच्या आतलं अस्तर रक्ताने फुगतं, दुसरीचं ओसरतं आणि काही तासांनी अदलाबदल होते. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी १८९५ साली याचं वर्णन केलं. एरवी आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण जी कामावर असते तिच्याने भागतं. सर्दीत मात्र कामावरचीच अर्धी बंद पडलेली असते आणि सुट्टीवरची दार उघडत नाही, दोन पाळ्यांच्या कारखान्यात दोन्ही पाळ्यांनी संप करावा तसं. शिवाय कुशीवर झोपलं की खालची चोंदते. मी उजवीकडे वळलो, उजवी गेली. डावीकडे वळलो. उजवी उघडेपर्यंत डावी गेली. मध्ये एक असा क्षण असतो की दोन्ही मोकळ्या आहेत असं वाटतं. त्या क्षणी झोपायचं असतं, पण आनंदाने जाग येते. हे सगळं न कळता मी पूर्वी नुसता तळमळत असे. आता सकारण तळमळत होतो.

तेवढ्यात डास आला. बाहेर धो धो पाऊस, आणि हा कोरडा ठणठणीत. पावसाचा थेंब डासाच्या वजनाच्या पन्नास पटींपर्यंत भरू शकतो, तरी तो मरत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०१२ साली याचं चित्रणच केलंय. डास इतका हलका, की थेंब त्याच्यावर आदळत नाही, त्याला घेऊन खाली जातो. डासही प्रतिकार करत नाही. थोडं अंतर थेंबाबरोबर जातो आणि बाजूला सटकतो. मी सोसायटीच्या फाटकापासून दारापर्यंत छत्रीसकट भिजलो होतो. तोंडाने घेतलेला श्वास सोडला की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत ती नेमकी माझ्याच तोंडाशी यायची. ती म्हणालो, कारण रक्त पिते ती मादी. आणि कपाटामागे रातकिडा सुरू झाला होता, तो नर. पंखांवर पंख घासून वाजवतात ते नरच. चावायला मादी, गायला नर. माझी रात्र दोघांनी वाटून घेतली होती.

पाणी प्यायला उठलेल्या भाचीला माझा उजेड दिसला.

"जागा आहेस? मग तापमान मोज ना. मामा, तुला माहितीये का, रातकिडा थर्मामीटर असतो."

एमॉस डॉलबेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ साली मांडलेली गोष्ट. रातकिड्याचं शरीर हवेइतकंच गरम किंवा गार होतं, त्यामुळे ऊब वाढली की त्याचे स्नायू भराभर चालतात आणि आवाज जलद येतो. ८ सेकंदांत तो किती वेळा वाजतो ते मोजायचं, त्यात ५ मिळवायचे, की अंश सेल्सिअसमध्ये तापमान. मी घड्याळ हातात घेतलं. वीस आले. अधिक पाच, पंचवीस. दिवसभरात प्रथमच एखादं ज्ञान माझ्या नाकाशी संबंधित नव्हतं. मला बरं वाटलं.

"पण ते सूत्र अमेरिकेतल्या एका झाडावर राहणाऱ्या जातीला नीट लागू पडतं," जांभई देत ती म्हणाली. "आपला कुठल्या जातीचा आहे, बघितलंस?" आणि झोपायला निघून गेली.

मी विजेरी घेऊन कपाटामागे वाकलो. वाकल्याबरोबर नाक भरून आलं आणि दबून राहिलेली शिंक कपाट हलेल अशी बाहेर पडली. रातकिडा थांबला. मी ८ सेकंद मोजली. एकदाही वाजला नाही. शून्य अधिक पाच. खोलीचं तापमान ५ अंशांवर आलं होतं. मी कपाटातून दुसरं पांघरूण काढलं.