८२३ वर्षांतून एकदा म्हणे!

‘या फेब्रुवारीत चार रविवार, चार सोमवार, चार मंगळवार, असे सातही वार चार-चार वेळा आले आहेत. असा दुर्मीळ योग ८२३ वर्षांतून एकदाच येतो.’ फोनवर पुन्हा हा संदेश येऊन पडला: निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं, दोन्ही कडांना पैशांच्या थैल्या, आणि तळाशी तंबी: अकरा जणांना पाठवा, धनलाभ होईल.

अहो, फेब्रुवारीचे दिवस अठ्ठावीस. आठवड्याचे वार सात. अठ्ठावीस भागिले सात, चार. संपला विषय! लीप वर्ष सोडलं तर प्रत्येक फेब्रुवारीत हेच होतं, दुसरं काही होऊच शकत नाही. पाठवणाऱ्याने बोटांवर मोजलं असतं तरी कळलं असतं. पण मोजतो कोण? वाचलं, डोळे विस्फारले, ढकललं पुढे.

याचाच दुसरा अवतार म्हणजे पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवारवाला महिना. तोही म्हणे ८२३ वर्षांतून एकदा. ३१ दिवसांचा कुठलाही महिना शुक्रवारी सुरू झाला की हे तिन्ही वार पाच-पाच वेळा येणारच. २०१५ चा मे तसा होता. २०१६ मध्ये जानेवारी आणि जुलै असे दोन-दोन महिने तसे होते. आणि तो ८२३ आकडा कुणी कुठून आणला? आपलं ग्रेगोरियन कॅलेंडर ४०० वर्षांनी जसंच्या तसं फिरून येतं. ४०० वर्षांचे दिवस १,४६,०९७, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. तारीख आणि वाराची जी जुळणी एका चक्रात आली, ती पुढच्या ४०० वर्षांत पुन्हा येणारच. ८२३ वर्षं वाट पाहायला लावणारा योग या कॅलेंडरात मावतच नाही!

आता सांगा, थक्क करणारी गोष्ट यातली कोणती? मला तर ते २०,८७१ आठवडे बरोबर बसणं जास्त भारी वाटतं. त्याच चक्रात ४,८०० महिने येतात, त्यात १३ तारीख ६८८ वेळा शुक्रवारी पडते, म्हणजे इतर कुठल्याही वारापेक्षा जास्त वेळा. तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ मानून घाबरणाऱ्या माणसाला सांगण्यासारखी केवढी मजेदार गोष्ट! ती कधी कुणी पाठवली नाही. थैल्यांचं चित्र मात्र दरवर्षी येतं.

रोज सकाळी उठल्या उठल्या हा खुराक फोनवर येऊन पडलेला असतो. एक ‘तुम्हाला माहीत आहे का?’, एक कोडं, कुठल्या तरी देशातला एक चक्रम कायदा, आणि आज कसला दिवस आहे, तो कसा सुरू झाला याची कथा. एक ना धड, भाराभर चिंध्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती यासाठी की मला हे सगळं मनापासून आवडतं. लहानपणापासून आवडतं. कोडी घालणं, कोडी सोडवणं, कुठल्या देशात काय विचित्र नियम आहे हे शोधणं, सण कुठून आला हे खणून काढणं, हा माझा जीव की प्राण आहे. आणि त्याच गोष्टीचा रोज सकाळी असा कचरा होताना बघायचा?

कायद्यांचंच घ्या. ‘ब्रिटनच्या संसदेत मरण्यास कायद्याने बंदी आहे.’ हे किती वर्षं फिरतंय! २००७ मध्ये तिथल्या लोकांनी एका पाहणीत तो सगळ्यांत मूर्ख कायदा म्हणून निवडलासुद्धा. असा कायदाच नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या विधी आयोगाने २०१३ मध्ये अशा ऐकीव कायद्यांची रीतसर छाननी केली आणि सांगितलं की याचा कुठे मागमूसही सापडत नाही. आणि १८१२ मध्ये स्पेन्सर पर्सिव्हल, देशाचे चालू पंतप्रधान, संसदेच्या लॉबीतच गोळी लागून मेले. हा खरा इतिहास आहे, अंगावर काटा आणणारा आहे. पण तो वाचायला दोन मिनिटं लागतात ना! राणीच्या चेहऱ्याचं तिकीट उलटं चिकटवलं तर राजद्रोह, ही दुसरी लोणकढी. आयोगाने तीही निकालात काढली. तरी गेल्याच आठवड्यात पुन्हा आली, खाली ‘१०० टक्के सत्य’ असा शिक्का मारून.

आणि त्याच देशात खरे कायदे काय आहेत ते बघा. संसदेत चिलखत घालून जायचं नाही, हा १३१३ चा कायदा आहे आणि तो आजही रद्द झालेला नाही. १८७२ च्या परवाना कायद्यानुसार दारू प्यायलेल्या अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी गाय, घोडा किंवा वाफेचं इंजिन ताब्यात ठेवणं हा गुन्हा आहे. १९८६ च्या सॅमन कायद्यात, संशयास्पद परिस्थितीत सॅमन मासा हाताळण्याचा वेगळा गुन्हा आहे! हसू येतं, पण मग कळतं की चोरून पकडलेला मासा विकणाऱ्या टोळ्यांपर्यंत पोहोचायला तो केलाय, आणि तेव्हा तो मूर्खपणा वाटत नाही, अक्कलहुशारी वाटते. विचित्र कायद्याची सगळी गंमत या ‘का’मध्ये असते. त्यामागे कुठला तरी माणूस, कुठला तरी त्रास असतो. बनावट कायद्याला ‘का’ नसतोच. ‘या देशात असं आहे म्हणे, हाहाहा’, एवढंच.

अर्धवट खरं तर आणखी वाईट. ‘सिंगापूरमध्ये च्युइंगम चघळलं की तुरुंग.’ बंदी आहे ती गम आयात करण्यावर आणि विकण्यावर, १९९२ पासून. लोक चघळलेलं गम मेट्रोच्या दारांच्या सेन्सरवर चिकटवायचे, दारं लागायची नाहीत, गाड्या खोळंबायच्या. २००४ पासून औषधी गमला परवानगीही आहे. ‘स्वित्झर्लंडमध्ये रात्री दहानंतर फ्लश केलं तर गुन्हा.’ नाही! काही इमारतींनी आपापले शांततेचे नियम केले असतील, तो देशाचा कायदा होत नाही. त्याच स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून खरोखरचा नियम आहे की गिनीपिग एकटा पाळायचा नाही, कारण तो कळपात राहणारा प्राणी आहे, त्याला सोबत हवी. किती गोड नियम आहे हा! का नाही कुणी पाठवत?

कोड्यांवर तर मी किती बोलू. ‘९९ टक्के लोक नापास! फक्त जीनियसच सोडवू शकतो!’ आणि खाली काय, तर ८÷२(२+२). उत्तर सोळा म्हणणारे आणि एक म्हणणारे एकमेकांच्या उरावर बसलेत, २०१९ मध्ये तर अख्खं जग यावर भांडलं. अहो, हे कोडंच नाही. मांडणी मुद्दाम गढूळ ठेवलीय. कंसाला चिकटलेला दोन आधी कंसाशी गुणायचा की डावीकडून क्रमाने जायचं, याचे दोन संकेत वापरात आहेत आणि दोन कॅल्क्युलेटर दोन उत्तरं देतात. गणित करणारा माणूस असं लिहीतच नाही. तो सरळ अपूर्णांकाची रेघ मारतो किंवा आणखी एक कंस घालतो, की वाद खलास. म्हणजे ज्याने नीट लिहिलं नाही तो जीनियस आणि वाचणारे सगळे नापास? हा कुठला न्याय?

ते फळांचं कोडं घ्या. सफरचंद अधिक सफरचंद अधिक सफरचंद बरोबर तीस. मग केळ्यांचे घड, मग नारळाच्या वाट्या. शेवटच्या ओळीत घडातलं एक केळं गुपचूप कमी केलेलं असतं, नारळाची एकच वाटी ठेवलेली असते, आणि चित्र एवढं धुरकट, शंभर हातांतून गेलेलं, की चार केळी आणि तीन केळी यांतला फरक भिंग लावूनही दिसत नाही. यात कसली आली बुद्धी? ही डोळ्यांची तपासणी आहे, तीसुद्धा फसवून केलेली. आणि ‘आइन्स्टाइनचं कोडं, जगातले फक्त २ टक्के लोक सोडवतात’! ते पाच रंगांच्या घरांचं, मासा कुणाकडे विचारणारं कोडं खरंच झकास आहे. पण आइन्स्टाइनने ते रचल्याचा कसलाही पुरावा नाही आणि ते दोन टक्के कुणी मोजलेलेही नाहीत. चांगल्या कोड्याला असल्या खोट्या प्रमाणपत्राची गरज का पडावी?

प्रामाणिक कोडं काय करू शकतं, ते १९९० साली अमेरिकेत दिसलं. तीन दारं, एकामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. कशामागे काय आहे हे ज्याला ठाऊक आहे तो सूत्रधार उरलेल्यांतलं बकरीचं दार उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलायचंय? स्तंभलेखिका मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात लिहिलं की बदला, जिंकण्याची शक्यता एक-तृतीयांशावरून दोन-तृतीयांश होते. सुमारे दहा हजार पत्रं आली, त्यांत जवळपास हजार पीएचडीवाल्यांची, आणि बहुतेकांचं म्हणणं की बाई, तुमचं चुकलं. बाई बरोबर होत्या! कुठे आकडा लपवलेला नाही, कुठे चित्र धुरकट नाही, सगळं टेबलावर उघडं मांडलेलं, तरी भलेभले आडवे. याला म्हणतात कोडं.

‘तुम्हाला माहीत आहे का’ विभागावर फार शब्द खर्च करत नाही. मेंदूचा दहाच टक्के वापर होतो: खोटं. शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव आपली वीसेक टक्के ऊर्जा खातो, तो काय नव्वद टक्के झोपा काढण्यासाठी? गोल्डफिशची स्मृती तीन सेकंद: खोटं, तो महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो. चंद्रावरून चीनची भिंत दिसते: खोटं. काही मीटर रुंदीची भिंत, पावणेचार लाख किलोमीटरहून अधिक अंतरावरून? आइन्स्टाइन गणितात नापास: साफ खोटं, पंधरा वर्षांचा व्हायच्या आत तो कॅल्क्युलससारखं वरच्या वर्गांतलं गणित शिकून बसला होता.

सणांच्या आणि दिवसांच्या कथांची तर तऱ्हाच वेगळी. १९८३ साली बोस्टन विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक जोसेफ बोस्किन यांना एका वार्ताहराने एप्रिल फूलचा उगम विचारला. प्राध्यापकांनी जागच्या जागी एक गोष्ट रचली: सम्राट कॉन्स्टंटाइनने कुगेल नावाच्या विदूषकाला एक दिवस राज्य करू दिलं, वगैरे. मोठ्या वृत्तसंस्थेने ती बातमी म्हणून दिली, वर्तमानपत्रांनी छापली, आणि थाप होती हे नंतर उघड झालं. एप्रिल फूलच्या उगमाचीच बातमी एप्रिल फूल! हा किस्सा दर १ एप्रिलला सांगावा असा आहे. त्याऐवजी काय येतं? उगमाची कुठली तरी छातीठोक कथा, ना आगा ना पिछा.

हे असं का होतं तेही काही गुपित नाही. एकाने ठोकून द्यायचं, बाकीच्यांनी उचलायचं. फ्रेड वर्थ नावाच्या माणसाने १९७४ च्या आपल्या ट्रिव्हिया कोशात, म्हणजे फुटकळ गमतीदार माहितीच्या पुस्तकात, मुद्दाम एक खोटी नोंद पेरली होती: टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव फिलिप. कोण आपलं चोरतंय ते कळावं म्हणून. पुढे ट्रिव्हियल परसूट या प्रश्नोत्तरांच्या खेळात तेच ‘फिलिप’ सापडलं. वर्थने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा लावला आणि तो हरला, कारण माहितीवर कुणाची मालकी नसते. पण निदान तो खेळ करणाऱ्यांनी पुस्तकं तरी उघडली होती. आमच्याकडे आलेलं पान कुणी उघडूनही बघत नाही.

आणि चूक दाखवली की मीच वाईट. ‘काका, असा कायदा नाहीये’ म्हटलं, तर उत्तर काय? ‘अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस, गंमत म्हणून टाकलं.’ गंमत कसली, काका? तुम्ही त्यावर ‘१०० टक्के सत्य’ लिहून पाठवलंत! माझ्या भाचीने शाळेतल्या भाषणात मेंदूचे ते दहा टक्के म्हणून दाखवले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आता मी तिला काहीही सांगितलं तरी ती म्हणते, ‘आजोबांनी पाठवलं होतं, ते खोटं कसं असेल?’ आठ वर्षांच्या पोरीला मी काय सांगू? आजोबांनी वाचलंच नव्हतं, असं सांगू?

रोज पाच गोष्टी पाठवू नका. आठवड्याला एकच पाठवा, पण कायदा असेल तर कुठल्या सालचा ते लिहा, कोडं असेल तर उत्तर स्वतः काढून झाल्यावर पाठवा, दिवस असेल तर तो कुणी ठरवला ते बघा. तेवढंही जमत नसेल तर सकाळी नुसतं ‘सुप्रभात’ म्हणा आणि फोन खाली ठेवा.